दोन जिवांची साखर

आमच्या घरी सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणाची बोलावणी गेली, आचाऱ्याच्या हाती विसार पडला, फुलांच्या वाडीचे माप माळिणीकडे पोचते झाले, आणि त्यानंतर बरोबर चौथ्या दिवशी मुलीच्या रक्ततपासणीचा कागद आला. कागदावर एकच आकडा ठळक होता, १६३, आणि त्याच्या शेजारी वर तोंड करून उभा असलेला एक तांबडा बाण. कागद हाती देणाऱ्या गृहस्थाजवळ वैद्यकीच्या पदवीचा दाखला नव्हता. परंतु सल्ला देण्यास दाखला लागतो अशी आपल्याकडे समजूतही नाही. “शुगर निघालीय, गोड बंद करा,” एवढे पाच शब्दांचे फर्मान काढून त्याने पुढचे नाव पुकारले. मुलगी घरी आली, पायांतल्या चपला न काढताच खुर्चीवर टेकली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “आई, माझं काय चुकलं गं?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढल्या तीन महिन्यांत जे वाचले, विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, त्यातून ते हळूहळू सुचत गेले.

कोणत्याही घरात असा कागद आला की एक चौकशी समिती आपोआप नेमली जाते. आमच्याकडे ती संध्याकाळपर्यंत बसली. तिसऱ्या महिन्यात गोड बातमीचे म्हणून जे पेढे आले होते त्यांतले चार मुलीने खाल्ले होते, ही साक्ष तिच्या मावशीने दिली. वैशाखात रोज आमरस होत असे, ही माहिती विहीणबाईंनी दूरध्वनीवरून पुरवली. आणि “हल्लीच्या मुली बसून काम करतात,” हा निकाल आमच्या शेजारीणबाईंनी कोणी न विचारता दिला. वास्तविक मुलगी सडपातळ, गोडाची फारशी आवड नसलेली, नोकरीवर जाताना दोन मजले चढणारी. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात एकदा उभे केल्यावर निर्दोष माणसालाही आपला अपराध आठवू लागतो, तसे तिला ते चार पेढे आठवू लागले. चार पेढ्यांनी गरोदरपणातला मधुमेह होत नाही, हे वाक्य त्या संध्याकाळी कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवे होते.

तो होतो कशाने, हे समजून घ्यायचे तर प्रथम वारेची ओळख करून घेतली पाहिजे. मूल जन्मले की वार पडते, आणि टाकून दिली जाते. त्यामुळे नऊ महिने तिने केवढा कारभार चालवला होता याची दखल कोणी घेत नाही. वार ही मातेकडून गर्भाकडे अन्न पोचवणारी नुसती वाट नव्हे. ती स्वतः संप्रेरके निर्माण करणारी एक मोठी ग्रंथीही आहे. ह्यूमन प्लासेंटल लॅक्टोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि त्यांच्या जोडीला वाढलेले कॉर्टिसॉल अशा संप्रेरकांच्या संगनमताने मातेच्या स्नायूंवर इन्सुलिनचा हुकूम पूर्वीसारखा चालेनासा होतो. इन्सुलिनचे काम रक्तातली साखर पेशींत पोचवण्याचे. पेशीच बहिऱ्या झाल्या म्हणजे जेवणानंतर साखर रक्तात अधिक काळ रेंगाळते, आणि तेवढा वेळ ती गर्भाला उचलता येते. मातेच्या पानातला घास वळवून गर्भाच्या मुखी घालण्याची ही निसर्गाची फार जुनी तजवीज आहे, आणि ती प्रत्येक गरोदर स्त्रीच्या शरीरात असते; माझ्या मुलीच्या होती, माझ्याही होती. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड हा वाढीव बोजा उचलते, दुपटीहून अधिक इन्सुलिन ओतते, आणि जमाखर्च जुळतो. काहींच्या स्वादुपिंडाची ऐपत तेवढी नसते. ती कमी का, याची उत्तरे आनुवंशिकतेत, वयात, वजनात आणि स्वतः ती स्त्री आपल्या आईच्या उदरात कशी वाढली यात विखुरलेली आहेत. माझ्या आईला मधुमेह होता. चौकशी समितीने दप्तर नीट तपासले असते तर हा कागद तिला माझ्याच घराण्यात सापडला असता.

एवढ्या खुलाशाने अपराधाचे ओझे उतरते. काळजीचे मात्र उतरू नये, कारण पुढची गोष्ट गर्भाची आहे. मातेच्या रक्तातली साखर वारेतून गर्भाकडे जाते. मातेचे इन्सुलिन मात्र जात नाही. रेणू मोठा, वाट अरुंद. तेव्हा साखरेचा जो लोंढा येतो त्याचा बंदोबस्त गर्भाच्या चिमुकल्या स्वादुपिंडालाच करावा लागतो, आणि ते अधिकाधिक इन्सुलिन तयार करू लागते. इन्सुलिन हे वाढ करणारे, चरबी साठवणारे द्रव्य असल्याने बाळ आवश्यकतेपेक्षा मोठे होते, विशेषतः खांद्यांत आणि पोटावर. कोपनहेगनच्या येर्गन पेडरसन यांनी गेल्या शतकाच्या मध्यास ही कार्यकारणाची साखळी मांडली, आणि तपशिलांत भर पडत गेली तरी तिचा गाभा अद्याप टिकून आहे. मोठ्या बाळाचे खांदे प्रसूतीत अडकू शकतात, मातेचा रक्तदाब वाढू शकतो, गर्भजल वाढते. आणि नाळ कापली जाताक्षणी साखरेची रसद तुटते, परंतु बाळाचे स्वादुपिंड मात्र सवयीने पूर्वीच्याच जोमाने इन्सुलिन सोडत राहते, म्हणून नवजात अर्भकाची साखर एकाएकी खाली जाऊ शकते. आपल्याकडे पुष्कळांना वाटते की अशा आईचे मूल मधुमेह घेऊनच जन्मते. तसे नाही, पहिल्या काही तासांतला धोका साखर उतरण्याचा असतो.

‘बाळ चांगलं गुटगुटीत आहे’ हे वाक्य कौतुकाने म्हणणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट पचणे कठीण जाते. बर्लिनचे हाइनरिख बेनेविट्झ यांनी १८२४ साली आपल्या प्रबंधात अशाच एका गरोदर स्त्रीची हकीगत नोंदली आहे: असह्य तहान, लघवीत साखर, आणि जन्मलेले मूल बारा पौंडांचे. गरोदरपणातल्या मधुमेहाच्या पहिल्या नोंदींपैकी ही एक मानली जाते. मूल वाचले नाही. इन्सुलिनचा शोध त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९२१ साली, टोरांटोत लागला. त्यापूर्वी मधुमेही स्त्रीचे गरोदरपण म्हणजे मातेच्या आणि मुलाच्या प्राणांशी गाठ होती. आज ज्या रोगाला आपण ‘शुगर निघाली’ एवढ्या सहजतेने संबोधतो त्याची ही पूर्वपीठिका मुलीला मी सांगितली नाही. वाचकांना सांगण्यास हरकत नाही.

आता तो आकडा. १९६४ साली बॉस्टन येथे ओ’सलिव्हन आणि क्लेअर मेहन यांनी ७५२ गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांवरून गरोदरपणातल्या साखरेची पहिली शास्त्रीय मर्यादारेषा आखली, पण त्यांच्या डोळ्यांपुढे प्रश्न होता तो या स्त्रियांना पुढे मधुमेह होईल काय हा. गर्भाचा हिशेब त्यात नव्हता. तो २००८ साली पुढे आला, जेव्हा नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार स्त्रियांचे एक मोठे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि असे दिसले की मातेची साखर जसजशी चढते तसतशी बाळाच्या आकाराची आणि इन्सुलिनची रेषाही चढते, आणि त्या चढणीला पायरी अशी कोठेच नाही. म्हणजे १३९ पर्यंत सारे आलबेल आणि १४० ला संकट, असे निसर्ग मानत नाही. १४० हा गावशिवेवर माणसांनी रोवलेला दगड आहे. कारभार चालवायचा तर दगड कोठेतरी रोवावाच लागतो. मात्र दगडाच्या अलीकडे असलेल्यांनी निर्धास्त होऊ नये आणि पलीकडे गेलेल्यांनी हाय खाऊ नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आपल्या देशात हा दगड जेथे आहे तेथे तो येण्याचे श्रेय पुष्कळ अंशी चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांचे. गरोदर स्त्री उपाशीपोटी दहा कोस चालत किंवा एस.टी.ने दवाखान्यात यायची, तिला ‘आज खाऊन आलात, उद्या उपाशी या’ म्हणून परत पाठवायचे, आणि ती उद्या यायची नाही, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव ध्यानी घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुटसुटीत पद्धत रूढ केली: शेवटचे जेवण केव्हा झाले याचा विचार न करता ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाजायचे, दोन तासांनी रक्त तपासायचे, आणि आकडा १४० किंवा अधिक आला तर गरोदरपणातला मधुमेह समजून उपचार सुरू करायचे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत हीच पद्धत आहे. चाचणी दोनदा, एकदा पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. डॉ. शेषय्या यांचा जन्मदिवस, १० मार्च, हा भारतात या विषयाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

कागदावर सुटसुटीत दिसणारे ते ग्लुकोजचे पाणी प्रत्यक्षात मात्र फार वाईट लागते. मुलीने ते पाच-दहा मिनिटांत संपवायचे होते. तिसऱ्या घोटाला तिने डोळे मिटले, पाचव्याला माझे मनगट धरले. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर सारे पुन्हा दुसऱ्या दिवशी, हे परिचारिकाबाईंनी बजावले होते, म्हणून आम्ही दोघी त्या लाकडी बाकावर उलटी होऊ न देण्याच्या एकाच कामगिरीवर तैनात असल्यासारख्या बसून राहिलो. शेजारी एक खेड्यातून आलेली, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची मुलगी तेच पाणी घेऊन बसली होती, तिच्या सासूने दोनदा विचारले, “एवढी साखर पाजून मग साखर वाढली म्हणणार, हे कसलं वो?” प्रश्न बिनतोड होता. परंतु बैलाची ताकद अजमावायची तर गाडीत भार घालावाच लागतो. मोकळी गाडी कोणीही ओढतो. बाईंनी तिला साधारण हेच सांगितले, अधिक थोडक्यात.

सडपातळ मुलीला मधुमेह कसा, या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याने जगाला दिले आहे, आणि ते मराठी वाचकाला ठाऊक असू नये याचे मला आश्चर्य वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा व त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तेथे जन्मणाऱ्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. बाळे बारीक, हे उघडच होते. परंतु मोजमापे घेता असे आढळले की त्यांच्यात कमतरता आहे ती मुख्यतः स्नायूंची आणि उदरातील अवयवांची, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे दिसायला कृश आणि आतून स्निग्ध, अशी आपली प्रकृती जन्मापासूनच. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोन स्नेह्यांचे शेजारी शेजारी काढलेले एक छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आरशात दिसणाऱ्या सडपातळपणावर भारतीय माणसाने किती विश्वास टाकावा, याचा इतका विनोदी आणि इतका गंभीर पुरावा दुसरा पाहण्यात नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळते, कारण या दुखण्याचा खरा दवाखाना तेथे आहे. सरकारी सूचनांप्रमाणेसुद्धा पहिले दोन आठवडे बहुतेकींना आहार आणि चालणे एवढाच उपचार असतो. साध्य काय करायचे, तर उपाशीपोटी साखर ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. आहारतज्ज्ञ बाईंनी मुलीला एक वही करायला सांगितली आणि त्या वहीने आमच्या घरातल्या निम्म्या समजुती महिन्याभरात रद्दबातल केल्या. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचे, म्हणजे दुखत नाही. थेंब पट्टीला लावायचा. आणि यंत्राने दाखवलेला आकडा, वेळ आणि पानात काय होते ते लिहायचे. जुन्या पेढीवरच्या रोजकीर्दीसारखी ती वही होती: खोटी नोंद तिच्यात चालत नसे, आणि शिल्लक रोजच्या रोज कळे.

पहिला पराभव कांदेपोह्यांनी केला. पोहे म्हणजे हलके, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. सकाळी बशीभर पोह्यांनंतर आकडा आला १५८. सकाळच्या प्रहरी शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देते, त्यामुळे जो घास दुपारी पचून जातो तोच न्याहारीला जड होतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवशी पोहे अर्धे, आणि त्यांत मोड आलेले मूग, वर दाण्याचे कूट: १२९. तिसऱ्या दिवशी मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही: ११२. त्यानंतर आमच्या घरात पोह्यांची प्रतिष्ठा पूर्वीची राहिली नाही.

दुसरा गैरसमज भाकरीचा. ‘शुगर’वाल्याने भात सोडावा आणि भाकरी हवी तेवढी खावी, हा जणू कायदाच झाला आहे. ज्वारीच्या भाकरीत कोंडा आहे, साखर हळू चढते, हे खरे. पण तीन भाकऱ्या खाल्ल्या तर पिष्ट ते पिष्टच. उलट, मोजून एक वाटी भात, त्यावर घट्ट वरण, शेजारी उसळ आणि आधी पानभर कोशिंबीर, असे जेवण मुलीला पुष्कळदा निभावले. तिसरा गैरसमज गुळाचा. गूळ, मध आणि साखर ही तीन नावे आहेत. रक्तात शिरल्यावर तिघांची जात एक. चौथा उपवासाच्या साबुदाण्याचा, त्याविषयी मी अधिक लिहीत नाही. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेला आकडा मुलीने वहीत लिहिला आणि पुढे कंसात ‘क्षमस्व’ असे लिहिले, एवढेच सांगते.

मात्र याच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा धोका आहे, आणि घाबरलेल्या, शिकलेल्या मुली त्यात हमखास सापडतात: खाणेच कमी करणे. आकडा उतरावा म्हणून रात्रीचे जेवण सोडायचे, पोळी एकावर आणायची, वजन वाढले नाही याचा आनंद मानायचा. गर्भाला साखर नको असे नाही, साखरेचा पूर नको. उपासमारीने मातेच्या रक्तात कीटोन वाढतात, आणि बाळ मोठे होऊ नये म्हणून केलेल्या खटपटीत ते खुरटते. म्हणून तीन जेवणे आणि मधली तीन खाणी, थोडे थोडे पण वेळेवर, असा जाबता असतो. रात्री निजताना कपभर दूध किंवा मूठभर फुटाणे. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हा आपला जुना उपदेश प्रमाणाने चुकीचा असला तरी भावनेने चुकीचा नाही. दोघांचा विचार करून खा, एवढीच त्याला दुरुस्ती पुरे.

आणि एक गोष्ट पुरुष वाचकांसाठी. ज्या घरात एकटी गरोदर बाई मुगाचे धिरडे खाते आणि बाकीची पंगत जिलब्या खाते, त्या घरात पथ्य दहा दिवसांवर टिकत नाही; टिकले तर ते तिच्या जिवावर टिकते. आमच्या जावयांनी पहिल्याच दिवशी स्वतःचा चहा बिनसाखरेचा केला. विशेष काही बोलले नाहीत. पण त्या एका कपाने चौकशी समिती जी बरखास्त झाली ती पुन्हा बसली नाही.

डोहाळजेवण रद्द करावे असे मुलीचे म्हणणे होते. मी ऐकले नाही. आचाऱ्याला बोलावून तपशील बदलला: जिलबीऐवजी खमंग अळूवडी, मसालेभात पण सोबत मटकीची उसळ, भरली वांगी, काकडीची कोशिंबीर, ताक, आणि पाहुण्यांसाठी श्रीखंड, कारण पाहुण्यांनी काही गुन्हा केलेला नव्हता. फुलांची वाडी भरली, ओटी झाली, झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक मुलीने उघडली आणि बर्फी निघाली. बर्फीचा हरभऱ्याएवढा तुकडा तिने तोंडात टाकला, आणि सगळ्या बायका जणू न्यायाधीश असल्यासारख्या तिच्याकडे पाहू लागल्या. तेव्हा आमच्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाई उठल्या, “चल गं, शतपावली घालू,” म्हणाल्या, आणि फुलांचे मुकुट-बाजूबंद घातलेल्या त्या मुलीला घेऊन अंगणात फेऱ्या मारू लागल्या. पाहता पाहता आठ-दहा नऊवारी त्यांच्या मागे चालू लागल्या. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की स्नायू साखर उचलतात, इन्सुलिनच्या फारशा मिनतवाऱ्या न करता. आत्याबाईंना हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या दिवशीचा आकडा १२६. सहाने जास्त. वहीत तो तसाच आहे.

जेवणानंतरचे आकडे ताब्यात आले तरी सकाळचा उपाशीपोटीचा आकडा मात्र १०२, ९९, १०४ असा अडून बसला. “रात्रभर काही खाल्लं नाही तरी कशी वाढते?” हा प्रश्न अनेकींना रडवतो. रात्री आपण जेवत नसतो, पण यकृत स्वतःच्या कोठारातून साखर सोडत असते, आणि त्याला आवर घालणारे इन्सुलिन तोकडे पडले की सकाळ चढी उगवते. पथ्याची सत्ता या आकड्यावर सर्वांत कमी चालते. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रात्री इन्सुलिन घ्यायला सांगितले आणि घरात पुन्हा काळोख पसरला; कारण आपल्याकडे इन्सुलिन हा उपचार नसून शिक्षा समजली जाते, आणि ‘एकदा लागलं की जन्मभर सुटत नाही’ हे वाक्य प्रत्येक आळीत कोणाच्या तरी तोंडी तयार असते. गरोदरपणातली इन्सुलिनची टंचाई वारेने निर्माण केलेली असते. वार पडली की बहुतेकींची गरज त्याच दिवशी संपते. शिवाय इन्सुलिन बाळापर्यंत जात नसल्याने त्या बाजूने निश्चिंती. काहींना मेटफॉर्मिनच्या गोळ्या दिल्या जातात. कोणाला काय, हे ठरवणे वैद्यांचे काम, मैत्रिणींचे नव्हे. पोटावर चिमटीत धरलेल्या त्वचेखाली केसासारखी बारीक सुई. पहिल्या रात्री मुलीने वीस मिनिटे घेतली, चौथ्या रात्री वीस सेकंद. साखर ७० च्या खाली जाऊन हात थरथरले, घाम फुटला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, एवढी तजवीज मात्र उशापाशी असावी. तेवढ्यापुरती साखर हेच औषध.

या सर्व खटाटोपाचे फळ मिळते काय? ऑस्ट्रेलियात सुमारे एक हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेहमीच्या देखभालीत शेकडा चार बाळांना गंभीर इजा वा संकट आले. आहार, तपासणी आणि गरज पडल्यास इन्सुलिन मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा एकावर आले. वहीतल्या प्रत्येक टोचणीचे मोल हेच.

मुलगी एकोणचाळिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. नात ३ किलो १०० ग्रॅमची, अगदी बेताची. जन्मल्यावर तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली तेव्हा आमच्यापैकी एकीने सोन्याच्या वळ्याने मध चाटवण्याची गोष्ट काढली. परिचारिकेने ते वळे हळूच तिच्याच हातात परत दिले आणि बाळ आईच्या छातीशी लावले. पहिल्या तासातले आईचे दूध हाच तेथला उपाय असतो. दुसऱ्या दिवशी मुलीची साखर ८८ आली, इन्सुलिन बंद झाले, पेढे वाटले गेले, आणि ती वही कपाटात गेली.

येथेच बहुतेक घरे फसतात. वार गेली, साखर गेली, आता कसली तपासणी, असे म्हणून डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांचे डबे उघडतात, आणि सव्वा महिन्याच्या गडबडीत आईचे शरीर सर्वांच्या विस्मरणात जाते. परंतु गरोदरपणात ज्या स्वादुपिंडाने बोजा उचलताना गुडघा टेकला, त्याची ऐपत बाळंतपणाने वाढत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २००९ साली मांडलेल्या हिशेबानुसार अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतरांच्या सुमारे सातपट. स्तनपान, चालणे, वजन आटोक्यात ठेवणे यांनी तो लांबवता येतो, कित्येकदा टाळताही येतो, पण त्यासाठी तो येत आहे की नाही हे पाहावे लागते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा ते ७५ ग्रॅमचे पाणी, या खेपेस उपाशीपोटी, आणि त्यानंतर दरसाल एक तपासणी.

सहा आठवडे म्हणजे दीड महिना. त्याच दिवशी बाळाचा डोस असतो. त्याची तारीख कार्डावर लिहिलेली असते आणि घरातले सर्व ती पाठ करून बसलेले असतात. त्या सकाळी आईने उपाशीपोटी जावे, बाळ टोचून होईपर्यंत आपले पाणी पिऊन घ्यावे, आणि दोन तास तेथेच थांबावे. कार्डावर तिच्या तपासणीसाठी रकाना नसेल, तर आजीने पेनाने आखून द्यावा.